धबधब्याची वाट कोणाला विचारायची?

बल्लारपुरात जंगल दिसतं ते लाकडाच्या रूपात. कागद कारखान्याकडे बांबूचे ट्रक जातात, डेपोत सागाचे गोल रचून ठेवलेले असतात. अयोध्येच्या राममंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये साग गेला तोही इथूनच. पण हे लाकूड ज्या जंगलातून आलं त्यात पायी फिरलेला माणूस आमच्या गल्लीत शोधावा लागतो. त्यामुळे माझ्या मुलीने मित्रमैत्रिणींना घेऊन भामरागड तालुक्यातल्या बिनागुंड्याच्या धबधब्याला जायचं ठरवलं तेव्हा मला आनंद झाला. तिच्या मामाला झाला नाही. मामा म्हणजे माझे मेहुणे. वनरक्षक म्हणून लागले, वनपाल होऊन निवृत्त झाले, आणि सगळी नोकरी चांदा-आलापल्लीकडच्या जंगलात केली. रविवारी दुपारच्या जेवणानंतर दोघांचं बोलणं सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. मी मधेमधे तोंड घातलं तेवढंच. पावसाळा जवळ आला की आमच्याकडच्या घराघरांत हल्ली हा विषय निघतो, आणि बहुतेक वेळा ‘जाणारच’ आणि ‘जायचं नाही म्हणजे नाही’ इथंच संपतो. म्हणून हे बोलणं लिहून काढतो आहे.

भाची : मामा, रस्ता सगळा पाहून ठेवलाय. गोंडपिपरी, आष्टीला वैनगंगा ओलांडायची, मग आलापल्ली, हेमलकसा, भामरागड, लाहेरी. लाहेरीपर्यंत गाडी, पुढं पायी. दहा-बारा जण आहोत.

मामा : कोणत्या महिन्यात जाता?

भाची : ऑगस्टात. पाणी तेव्हाच भरपूर असते.

मामा : पाणी भरपूर असते म्हणूनच विचारून राहिलो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती, तिन्ही नद्या भेटतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं तुंबते आणि बाजारपेठेत शिरते. दर पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी तूच मला वाचून दाखवतेस. पूल एक वेळ उंच होईल, पण लाहेरीच्या पुढच्या नाल्यांचं काय? तिथली माणसं बाळंतिणीला खाटेवर घेऊन नाला उतरायची वाट पाहत बसतात. तिथं तुमच्यातल्या एकाचा पाय मोडला तर त्याला आणायला तीच माणसं लागतील, आपलं शेत सोडून.

भाची : म्हणजे आता पुराची भीती. लहानपणापासून एक ना एक भीती ऐकतेच आहे. लाहेरी म्हटलं की २००९ च्या ऑक्टोबरात तिथं मारले गेलेले सतरा पोलीस आठवायचे आणि घरचे म्हणायचे, तिकडं नाव काढू नको. आता ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द नक्षल नेता भूपतीनं गडचिरोलीत साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. आता तरी जायचं की नाही? पुण्याची पोरं दर शनिवारी सह्याद्रीत जातात. त्यांच्या प्रत्येक धबधब्यावर पुस्तकं आहेत, वाटेवर बाण रंगवलेले आहेत. आपल्या राज्यातलं सगळ्यात मोठं जंगल आपल्या दारात, आणि आपल्याला ते माहीत आहे फक्त ताडोबाच्या जिप्सीतून. त्या जिप्सीचे पैसे माझ्या मैत्रिणींपैकी किती जणींना परवडतात?

मामा : बंदूक गेली म्हणजे वाट मोकळी झाली, असं तुला वाटते. तिथल्या माडियांना कोणी विचारलं का? इतकी वर्षं ते दोन बंदुकांच्या मधात जगले. जरा श्वास घेऊन राहिले, तर आता आपण त्यांच्या झऱ्यावर आंघोळ करायला निघालो.

इथे मुलगी पहिल्यांदा गप्प झाली. मला वाटलं, विषय मिटला. पण ती आत गेली आणि भरून ठेवलेली पिशवी घेऊन आली. मामा, निदान तयारी तरी बघा, म्हणाली. मामांनी ती ओसरीत उपडी केली आणि एकेक वस्तू हातात घेऊन बाजूला ठेवू लागले.

ब्लूटूथ स्पीकर पहिल्यांदा बाजूला गेला. मग अर्धी चड्डी. मग चिप्सची पाकिटं आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या. नवी कोरी दोरी मात्र त्यांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिली. ‘ही कोणाला वापरता येते तुमच्यात?’ कोणालाच येत नव्हती. ‘मग हिच्या भरवशावर कोणीतरी पाण्यात उतरेल. नको नेऊ.’ उरलेल्या ढिगात त्यांनी स्वतःहून भर घातली : पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, फुलपँट, घोट्याच्या वर येणारे बूट, विजेरी, ओआरएस, मच्छरदाणी आणि खांद्याएवढी बांबूची काठी.

मामा : मच्छरदाणी कशाला म्हणून हसू नको. भामरागड-एटापल्लीकडचा मलेरिया मेंदूत जाणारा असतो. आणि तो तिथं असताना कळत नाही, घरी आल्यावर दहा-बारा दिवसांनी ताप चढतो, तोवर माणूस सहल विसरलेला असतो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरला सांगायचं, मी भामरागडला जाऊन आलो जी. काठी कशासाठी ते सांगू?

भाची : सापासाठी.

मामा : सापासाठी बूट. काठी नाल्यासाठी.

मग त्यांनी उठून अंगणात दाखवलं. नाल्याशी पोचलं की आधी खाली बसायचं. एक काडी घ्यायची आणि पाणी जिथं काठाला लागतं नेमकी तिथं मातीत खोचायची. मग बिडी ओढून होईल इतका वेळ काहीच करायचं नाही, फक्त काडीकडे पाहायचं. काडी पाण्यात गेली तर नाला चढतो आहे. काडी कोरडी पडली तर उतरतो आहे. चढत्या नाल्यात पाय घालायचा नाही, मग तो घोटाभर असला तरी. उतरणारा असला तरी गुडघ्याच्या वर पाणी असेल तर थांबायचं. डोंगराचे नाले जितक्या लवकर भरतात तितक्याच लवकर ओसरतात, दोन-चार तासांचा प्रश्न असतो. उतरायचं तेव्हा पाठीवरच्या पिशवीचा कंबरपट्टा सोडून, तोंड पाणी येतं त्या बाजूला, काठी पुढे रोवून, पाय न उचलता सरकवत. हे सगळं त्यांनी अनवाणी, अंगणातल्या कोरड्या फरशीवर करून दाखवलं, आणि मुलीकडून दोनदा करून घेतलं.

मामा : आणि धबधब्याखाली उभी असशील तेव्हा वर पाऊस पडतो की नाही हे तुला दिसत नाही. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज जड झाला, की वस्तू गोळा करत बसायचं नाही. भुशी धरणामागं ३० जून २०२४ ला काय झालं ते साऱ्यांनी मोबाइलवर पाहिलं. एका घरची माणसं एकमेकांना धरून मधात उभी होती, आणि पाणी वाढतच गेलं. पाच जीव गेले.

भाची : तिथं हजारो लोक जातात, मामा. गर्दीनं घात होतो. मी तर गर्दी नसलेल्या ठिकाणी चालले आहे.

मामा : गर्दी नाही म्हणजे वाचवायलाही कोणी नाही. घोडाझरीला मार्च २०२५ मध्ये पाच तरुण पोरं बुडाली. ती तर जवळच्याच गावची होती, पावसाळाही नव्हता. अनोळखी पाण्यात उतरायचंच नाही, हा नियम बारा महिन्यांचा.

मी विचारलं, वाघाचं काय? चंद्रपूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाच्या मनात हा प्रश्न पहिला येतो आणि या दोघांनी तो अजून काढला नव्हता.

मामा : भामरागडपेक्षा इकडंच तो जास्त. राजुऱ्याच्या जंगलात आर.टी.-१ नं आठ माणसं मारली, तेव्हा कुठं ऑक्टोबर २०२० मध्ये तो पकडला गेला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. बहुतेक माणसं मरतात ती वाकलेली असताना. पान तोडताना, मोह वेचताना, सात्या शोधताना. म्हणून जंगलात एकट्यानं बाजूला जाऊन बसायचं नाही, झाडीत वाकून फोटो काढायचे नाहीत, उजाडल्यावर निघायचं आणि चारच्या आत जंगलाबाहेर यायचं. अस्वलाचंही तेच. त्याला दुरून आपला आवाज गेला पाहिजे. बोलत चालायचं.

भाची : मग स्पीकर काहून काढला?

मामा : बोलण्यानं जनावर बाजूला होते. गाण्यानं तुला त्याचा आवाज ऐकू येत नाही. आणि तुमची टोळी एक दिवस आरडाओरडा करून निघून जाईल. बिथरलेला वाघ दुसऱ्या दिवशी कोणाच्या बांधावर बसेल? गाडीनं आलेल्यांच्या नाही.

हा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. आपल्याकडे सुरक्षिततेचा विचार जाणाऱ्याच्या अंगाने होतो. तो धडधाकट परत आला की सहल यशस्वी. आपण परत आल्यानंतर त्या जंगलात रोज सरपणाला, गुरांमागे जाणाऱ्याचं काय होतं, हे हिशेबात नसतं. मुलीने ते ऐकून घेतलं, पण ती हरायला तयार नव्हती. तिचा पुढचा प्रश्न मामांच्या खात्यावरच होता.

भाची : ठीक. मी परवानगी काढते. रेंज ऑफिसला अर्ज देते. मग तर झालं?

मामा : अर्ज द्यायलाच पाहिजे. आपल्या कोठारीकडं कन्हाळगाव अभयारण्य झालं. अभयारण्यात परवानगीशिवाय पाय ठेवणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. राखीव जंगलातही बीटच्या वनरक्षकाला न सांगता शिरायचं नाही. तुम्ही आत आहात हे त्याला माहीत असलं तर संध्याकाळी तो शोधायला तरी निघेल.

भाची : पण मामा, एक सांगा. तुमच्या खात्यानं इतकी वर्षं परवानगी दिली कोणाला? सरपण आणणारी बाई चोर, आणि जिप्सीतला पर्यटक पाहुणा. जंगल बंद ठेवल्यानं वाचते असं तुम्ही मानत आलात. पाचगाव बघा. इथून किती दूर आहे, गोंडपिपरी तालुक्यातच ना? २००६ च्या वनहक्क कायद्यातून २०१२ मध्ये त्यांना हजार हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गडचिरोलीत मेंढा-लेखाला तर २००९ मध्येच, अठराशे हेक्टर. पाचगावनं बांबू स्वतः विकला आणि तेंदूची तोडणी स्वतःहून बंद केली, कारण पानासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, आणि टेंभरं मिळत नाहीत. हातात आलेला पैसा सोडून दिला त्यांनी. माणसं जंगलात गेली की जंगल मरते, हे कुठं खरं आहे?

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. पानाचा डबा उघडला, सुपारी कातरली.

मामा : हे तू बरोबर बोललीस. पाचगावचं जंगल मी पाहिलं आहे. आपलं समजून राखलेलं जंगल ओळखू येते. पण मग तुझा अर्ज चुकीच्या दारात चालला, नाही का? परवानगी मागायची तर ग्रामसभेला माग. धबधबा ज्या गावच्या शिवेत आहे त्या गावाला. त्या पाण्याशी त्यांचं पेनठाणं, म्हणजे देवाची जागा, असेल, कुठं चप्पल घालून जायचं नाही, कुठं बाईमाणसानं किंवा परक्यानं जायचं नाही, कोणत्या दिवशी जायचं नाही, हे कुठल्या नकाशात लिहिलेलं नसते. आणि पाचगाववाल्यांनी आधी स्वतःवर बंधन घालून घेतलं, मग हक्क सांगितला. तुमच्या दहा-बारा जणांनी स्वतःवर काय बंधन घालून घेतलं?

भाची : सांगते. जागेचा नेमका पिन आम्ही कुठंच टाकणार नाही. जेवण बरोबर नेणार नाही, गावातल्या घरी आधी सांगून करवून घेऊ आणि त्याचे पैसे देऊ. वाटाड्या गावचाच, दिवसाची मजुरी ठरवून. दारू नाही. नेलेला कचरा बल्लारपूरपर्यंत परत.

मामा : आणि गावानं नाही म्हटलं तर?

भाची : (थोडं थांबून) तर नाही जाणार. पण मामा, हो म्हणाले तर तुम्ही अडवायचं नाही. सूरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण झाली तेव्हा बल्लारपुरातून कोण काय बोललं? कोणी पाहिलाच नव्हता तो डोंगर. न पाहिलेल्या जंगलासाठी कोणाचा जीव तुटत नाही. मला पाहायचं आहे.

मामा : तू एकटी जाशील तर मी तुला स्वतः घेऊन जाईन. मला तुझी चिंता नाही. तुझ्यानंतर येणाऱ्यांची आहे. रस्ता झाला, पिन नाही टाकला तरी कोणीतरी टाकेल, मग भज्यांच्या गाड्या, मग पार्किंगचं कंत्राट बाहेरच्या माणसाला.

भाची : गाड्या गावच्याच बायांनी लावल्या आणि कंत्राट ग्रामसभेनं आपल्याकडंच ठेवलं तर?

मामा : तसं झालं तर मी चूक. पण माझ्या पाहण्यात तसं झालं नाही.

भाची : तुमच्या पाहण्यात वनहक्काचा कायदाही नवाच आहे की.

या मुद्द्यावर दोघांचं शेवटपर्यंत जमलं नाही, आणि मलाही वाटतं की ते अंदाजाने मिटणारं नाही. बिनागुंड्याच्या लोकांना स्वतःचं काय ते ठरवायला वेळ मिळाला पाहिजे. रस्ते आधी आणि ग्रामसभा नंतर, असं झालं तर मामांचं भाकीत खरं ठरेल. त्या दुपारी मात्र बोलणं कामाच्या गोष्टीवर आलं. यंदा जायचं कुठे?

मामांनी दोन जागा सुचवल्या. एक अगदी दाराशी, पहाड. राजुरा, गडचांदूर ओलांडून जिवतीकडे घाट चढू लागलं की माणिकगडाचा डोंगर लागतो. डोंगराच्या माथ्यावर काळा पाषाण आणि खाली सिमेंट कारखान्यांना पुरणारी चुनखडी, त्यामुळे पाऊस पडला की काळ्या कड्यांवरून ठिकठिकाणी धारा सुटतात आणि पावसाने उघडीप दिली की दोन-चार दिवसांत बारीक होतात. गड चढायला सोपा, दारावरचं नागशिल्प पाहण्यासारखं, आणि वस्ती कोलाम-गोंडांची. दमछाक किती होते, कोण घाबरतं, कोणाच्या बुटाला कुठे फोड येतात, हे कळायला पहिली सहल तिथेच करावी, असं मामांचं म्हणणं. पण भर पावसात दगड शेवाळलेला असतो आणि गवत छातीएवढं, म्हणून तिथेही सप्टेंबर उजाडल्यावरच.

दुसरी जागा मुक्ताई. चिमूर तालुक्यातल्या डोम्याजवळचा हा धबधबा माना समाजाचं श्रद्धास्थान आहे. लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या जातात, त्यामुळे वाट पायांनी मळलेली आहे, जवळ गाव आहे, पाण्याची खोली-उथळी सांगणारी माणसं आहेत. मुलीला हे आधी पटेना.

भाची : मुक्ताईला तर सगळेच जातात, मामा. त्यात जंगल कुठं?

मामा : सगळे जातात आणि पाण्यात नाचून येतात. तू सप्टेंबरच्या शेवटी जा, इतवार सोडून. गावातला एखादा म्हातारा सोबत घे आणि त्याला झाडं विचार. ऐन, बिजा, धावडा, मोवई, रोहन. परत येशील तेव्हा पंधरा झाडं न चुकता ओळखता आली पाहिजेत. नाही आली तर बिनागुंड्याला जाऊन तुला काय दिसणार? सगळं हिरवंच दिसेल.

हे तिला लागलं. वहीत तिने झाडांची नावं उतरवून घेतली. मग विजेचं निघालं. झाडीपट्टीत पावसाळ्यात विजेने दरवर्षी माणसं जातात, बहुतेक शेतात किंवा एकट्या उंच झाडाखाली. मामांनी सांगितलं, गडगडाट ऐकू आला की धबधब्याचा माथा, उघडी टेकडी आणि एकटा मोह, तिन्ही सोडायचे. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ हे विजेची सूचना देणारं अॅप तिने तिथेच मोबाइलवर घेतलं आणि मामांच्याही मोबाइलवर टाकून दिलं.

माझं मत विचाराल तर यंदाच्या पावसाळ्यात बिनागुंडा नको. मामांच्या भीतीमुळे नव्हे, मुलीच्याच युक्तिवादामुळे. ज्या गावांचा जंगलावरचा हक्क ती मानते, त्यांना ऑगस्टात, पेरणी-रोवणीच्या दिवसांत, नाले भरलेले असताना पाहुणचाराच्या आणि जिवाच्या जोखमीत टाकणं त्या हक्काशी जुळत नाही. हिवाळ्यात नाले उतरतात, धान निघून गेलेलं असतं, माणसांना बोलायला सवड असते. धार तेव्हा बारीक असेल. असू दे. तोवर लाहेरीकडच्या शाळेत शिकवणाऱ्या ओळखीच्या एका गुरुजींमार्फत गावाला निरोप गेला आहे, आणि उत्तराची वाट पाहायची तिची तयारी आहे. सप्टेंबरच्या शेवटी मुक्ताईचं नक्की झालं. स्पीकर आणि दोरी घरीच राहतील.

बल्लारपूर, चंद्रपूर, राजुऱ्याहून पावसाळ्यात गट घेऊन निघणाऱ्यांना माझी विनंती आहे. गाडी ठरवण्याच्या आधी, धबधबा ज्या गावच्या हद्दीत आहे तिथल्या एका तरी माणसाशी बोला, आणि बीटच्या वनरक्षकाला तारीख कळवा. त्यांनी या आठवड्यात येऊ नका म्हटलं, तर जाऊ नका.